ड्रिल मशीनने पितळेची भांडी उजळताना

विदर्भात महालक्ष्म्या जवळ आल्या की नागपुरातल्या घरोघरी माळ्यावरचे गुंड, पराती, गंगाळ आणि समया खाली येतात, आणि दोन-तीन जणांचे हात दिवसभर चिंच, राख आणि काथ्यात अडकून पडतात. घरातल्या साध्या ड्रिल मशीनला बफ, म्हणजे चकाकी आणणारी कापडाची गोल चकती, लावला तर हे काम बरेच लवकर उरकते. मात्र मशीन चकाकी आणण्यासाठी असते, मळ काढण्यासाठी नसते. काळवंडलेल्या, तेलकट भांड्यावर थेट बफ फिरवला तर तो मिनिटाभरात चिकट होतो आणि वाचवायला निघालेला वेळ तिथेच वाया जातो.

म्हणून आधी भांडी गरम पाण्यात साबणाने धुऊन तेलकटपणा पूर्ण काढावा. समईच्या वातीच्या खाचांत जुने तेल लाखेसारखे घट्ट झालेले असते. ते लाकडी काडीने खरवडावे. त्यानंतर एक लिटर गरम पाण्यात 50 ग्रॅम लिंबू सत्व विरघळवून भांडी त्यात पाच ते दहा मिनिटे ठेवावीत. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. आम्लात ते जास्त वेळ राहिले तर पृष्ठभागावरचे जस्त आधी सुटते आणि मागे तांब्याची गुलाबी-लाल छटा उरते. याच कारणासाठी भांडी रात्रभर भिजत घालू नयेत आणि स्वच्छतागृहाचे ॲसिड तर त्यांच्या जवळही नेऊ नये.

यंत्र निवडताना वेगाकडे लक्ष द्यावे. 75 मिलिमीटर व्यासाचा कापडी बफ मिनिटाला 2,500 फेऱ्यांनी फिरला तर त्याच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे 10 मीटर होतो, आणि घरगुती कामाला तो भरपूर आहे. तेच 11,000 फेऱ्यांच्या अँगल ग्राइंडरवर 100 मिलिमीटरची चकती लावली तर कडेचा वेग सेकंदाला 57 मीटरच्या पुढे जातो. भांडे तापते, पातळ पत्र्यावर लाटा उमटतात आणि हातातून निसटलेली वस्तू भिरकावली जाते. ग्राइंडरने काम आणखी लवकर होते हे खरे असले, तरी घरात पितळेसाठी तो वापरू नये असे माझे ठाम मत आहे.

छोट्या वस्तूंसाठी ड्रिल स्टँडमध्ये टेबलाला पक्के आवळावे आणि वस्तू दोन्ही हातांनी बफापाशी न्यावी. मोठी परात मात्र ओल्या गोणपाटावर स्थिर ठेवून ड्रिल तिच्यावर फिरवावे. पॉलिशची वडी फिरत्या बफाला क्षणभरच टेकवावी, कारण जास्त लागलेले पॉलिश भांड्यावर काळ्या लोण्यासारखे साचते. पहिला हात जाड कणांच्या तपकिरी वडीचा आणि शेवटचा बारीक कणांच्या पांढऱ्या किंवा लाल वडीचा असावा. प्रत्येक वडीसाठी बफ वेगळा ठेवावा, नाहीतर जाड कण बारीक पॉलिशमध्ये मिसळून रेघोट्या उमटतात. दाब हलका ठेवावा आणि भांडे हाताला सोसवत नाही इतके तापले की थांबावे. तेवढ्यात ड्रिललाही विश्रांती मिळते.

सगळ्यात मोठा धोका काठाचा असतो. बफ काठावरून बाहेरच्या दिशेने सरकत गेला पाहिजे. तो समोरून काठावर आदळला तर काठ पकडून भांडे हिसकावून घेतो. डोळ्यांवर गॉगल आणि नाकावर मास्क हवाच. ओढणी, साडीचा पदर आणि सैल बाह्या आवरून घ्याव्यात, लांब केस घट्ट बांधावेत. हातमोजे घालू नयेत. कापडाचा एक धागा गुंडाळला गेला तरी बोटे आत ओढली जातात.

काही जागी मशीन लावूच नये. कलई केलेल्या पातेल्याच्या आत कथलाचा अगदी पातळ थर असतो आणि बफ तो सहज उतरवतो. आतून हाताने धुवावे, बाहेरून यंत्र चालवावे. जुन्या भांड्यांवर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली आजी-पणजीची नावे, गावे आणि तिथी दर सणाला बफाखाली झिजत जातात, तेव्हा मशीन चालवताना त्या जागेवर कागदी चिकटपट्टी लावावी आणि नंतर पट्टी काढून ती जागा हाताने चिंचेने घासावी. देव्हाऱ्यातल्या जुन्या मूर्तींचे नाक-डोळेही असेच बोथट होतात. नागपूरहून साधारण 60 किलोमीटरवरचे भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेले आहे आणि तिकडची जुनी जाड भांडी अनेक घरांत आहेत, पण जाड म्हणून कितीही घासावे असा त्याचा अर्थ होत नाही.

घंट्या, निरांजने, कडीकोयंडे अशा वस्तूंच्या कोपऱ्यांत मोठा बफ पोहोचत नाही; तिथे ड्रिलला बसणारा निमुळता नमद्याचा (दाबून घट्ट केलेल्या लोकरीचा) बफ उपयोगी पडतो. तारेचा ब्रश पितळेवर खोल ओरखडे काढतो, म्हणून तो टाळावा.

शेवटी भांडी गरम पाण्यात साबणाने दोनदा धुवावीत, कारण पॉलिशमधले मेण आणि घासणारे कण जेवणात जाता कामा नयेत. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे ठिपके राहू नयेत म्हणून लगेच सुती कपड्याने कोरडी करावीत. पुन्हा माळ्यावर टाकायची असतील तर पावसाळी दमटपणात प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नयेत. जुन्या सुती साडीत गुंडाळून ठेवावीत.