चेक इंजिनचा दिवा: शहरात लागतो, हायवेला विझतो

गाडी जुनी, पेट्रोलवरची. चेक इंजिनचा पिवळा दिवा शहरातल्या ट्रॅफिकमध्ये लागायचा आणि गावी जाऊन आलं की आपसूक विझायचा. गॅरेजवाल्याने न तपासताच निकाल दिला: ऑक्सिजन सेन्सर गेलाय, बदला. सेन्सर काही स्वस्त नसतो, म्हणून आधी ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) घेऊन स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावला.

कोड आला पी०१७१, म्हणजे मिश्रणात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त. आता हे सांगणारा, म्हणजे धुरात उरलेला ऑक्सिजन मोजणारा, ऑक्सिजन सेन्सरच असतो. निरोप्यालाच का बदलायचं? मग फ्युएल ट्रिम पाहिलं, म्हणजे मिश्रण नीट ठेवायला कॉम्प्युटर ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त-कमी सोडतोय ते. आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) अधिक २२ टक्के, २,५०० आरपीएमला जेमतेम ५. खरी गोम इथे होती. आत येणारी हवा मोजणारा एअरफ्लो सेन्सर असलेल्या गाडीत त्याच्या पुढे, इंजिनच्या बाजूला, कुठून चोरून हवा शिरत असेल, तर आयडलिंगला ती फार जाणवते. आरपीएम वाढले की एकूण हवेत तिचा वाटा किरकोळ होतो. पेट्रोल पंप कमी पडत असता तर उलट, जोर दिल्यावर आकडा चढला असता.

वरून सगळे पाइप ठणठणीत. पीसीव्हीचा, म्हणजे इंजिनच्या पोटातल्या वाफा परत आत ओढून घेणारा, रबरी होज मात्र वाकवून पाहिला, तर खालच्या अंगाला चांगली बोटाच्या पेराएवढी चीर, आणि भोवती ऑइलचा काळा चिकटा. नवा होज बसवला, क्लिपा आवळल्या, कोड पुसला. आयडलिंगचं ट्रिम आता ३-४ च्या आसपास असतं आणि बॉनेटखालची बारीक शिट्टीही गेली. ऑक्सिजन सेन्सर अजून जुनाच आहे.