घरात 'बाहेरचे लोक' हा विषय निघाला तर कसं बोलायचं

आमच्या नागपुरात जेवताना कोणी ना कोणी म्हणतंच, बाहेरचे आले न शहर बिघडलं. लगेच भांडू नका, पहिले शांतपणे विचारा का आपण कुठून आलो? शहर वसवलं गोंड राजा बख्त बुलंद शाहनं, भोसले मागून आले, 1877 मध्ये एम्प्रेस मिल ही कापड गिरणी सुरू झाली तसे लोक कामाला आले, आणि 1956 पर्यंत तर नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होतं.

मग पिढ्या मोजा, हे सगळ्यात कामाचं. नागपूरच्या जरीपटका वस्तीत फाळणीनंतर आलेली सिंधी घरं आहेत, माझ्या मित्राची आजी हिशोबाची वही अरबी वळणाच्या सिंधी लिपीत, उजवीकडून डावीकडे लिहायची, त्याचे बाबा ती अडखळत वाचतात, आणि त्याची पोरगी मस्त मराठी बोलते पण वहीतलं एक अक्षर तिला येत नाही. मला ती वही पाहून खरंच वाईट वाटलं. म्हणून कोणी "हे मिसळतच नाहीत" म्हटलं तर विचारा, कोणती पिढी? आजी का नात?

काका ऐकतच नसतील तर अमेरिकेतल्या नातवाचा विषय काढा. तो मराठी बोलला की आपल्याला केवढा आनंद होतो, मग शेजारच्यानं घरी भोजपुरी बोलली तर राग काऊन?

आणि घरभाडं, नोकऱ्या या तक्रारी खऱ्या असतात, त्या उडवून नका लावू, पूर्ण ऐकून घ्या, फक्त भाषेच्या मुद्द्यापासून त्या वेगळ्या करून बोला.