कोयनेच्या पाण्यामागं: कराडहून खाड्या ओलांडत बाणकोटपर्यंत कसं जायचं

कराडात आमचं शिवणकामाचं दुकान आहे, प्रीतिसंगमापासून चालत सात मिनिटांवर. कृष्णा आणि कोयना तिथं समोरासमोर येऊन भिडतात आणि वळून सांगलीकडं निघतात, हे शाळेच्या सहलीपासून पाठ होतं. पण कोयनेचं सगळं पाणी आपल्याकडं येतच नाही, हे मला चाळिशीत कळलं. धरणातलं बरंचसं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला उतरतं, पोफळीला वीज करतं, कोळकेवाडीला पुन्हा एकदा कामाला लागतं आणि वाशिष्ठीत सुटतं. कृष्णा पाणी तंटा लवादानं वर्षाला ६७.५ टीएमसीपर्यंत (म्हणजे अब्ज घनफुटांपर्यंत) मुभा दिलेली आहे. वाशिष्ठी चिपळूणवरून दाभोळला समुद्राला मिळते.

तेव्हापासून कोकणात जायचा आमचा रस्ता ठरला. कोयनेच्या पाण्यामागं खाली उतरायचं, वाटेतल्या खाड्या गाडीसकट बोटीनं ओलांडायच्या आणि सावित्रीच्या काठानं वर यायचं. चार दिवस पुरतात, पाच असतील तर बरं. मी, आमचे हे, आणि आत्या. आत्या म्हणजे सासूबाई, वय पंच्याहत्तरच्या पुढं, गुडघे दुखरे. त्यामुळं पुढं जे सांगतेय ते म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाणाऱ्यांनाही चालेल.

आधी भरती-ओहोटीचं बघा, हॉटेलचं बुकिंग नंतर. आपण घाटावरची माणसं नकाशात किलोमीटर मोजतो, आणि खाडीवर मोजायचं असतं पाणी. कोकणात जुना हिशोब आहे : तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि रात्री तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, आणि नऊच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. अष्टमीला भरती सहाला. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशोब तोच. हा अंदाज आहे, अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं धरायचा. पण कॅलेंडर भिंतीवर असतंच, त्याला रेंज लागत नाही.

यातली खरी गोम पुढं आहे. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं. पाणी चढतंही जास्त आणि उतरतंही जास्त. भरती बाराच्या आसपास, म्हणजे सगळ्यात खोल ओहोटी सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाला. नेमकी त्याच वेळेला आपण बोट गाठायला धावत असतो. अष्टमीच्या आसपास भांगाचे दिवस, पाण्यात फारसा फरक पडत नाही, तेव्हा कधीही जा.

याचा गाडीशी काय संबंध, तर सांगते. आत्यांना पौर्णिमेला हरिहरेश्वर करायचं होतं. आम्ही वेशवीला, म्हणजे बाणकोटजवळच्या सावित्रीच्या धक्क्याला, पोचलो संध्याकाळी सहाला. पाणी खाली गेलेलं, त्यामुळं धक्क्याचा उतार भलताच खोल दिसत होता, आणि जिथं उतार संपून बोटीची लोखंडी फळी सुरू होते तिथं चांगला कोन झालेला. खलाशी हातानं "हळू, हळू" करत होता. ह्यांना वाटलं वेग घेतला तर निघेल. खाडकन आवाज आला. सायलेन्सर फळीला घासला तो मधेच लोंबायला लागला. पलीकडच्या काठाला बागमांडल्याला उतरल्यावर एका दुचाकीवाल्यानं डिकीतली बांधायची तार काढून दिली, तेवढ्यावर श्रीवर्धनचं गॅरेज गाठलं. चूक आमचीच. तीन माणसं आणि सामानानं भरलेली वॅगनआर अशी उतरवायचीच नसते. तेव्हापासून नियम : गाडी चालवणारा सोडून सगळ्यांनी आधी उतरायचं, चालत बोटीत जायचं. उतारावर पहिला गिअर, पाय ब्रेकवर, आणि फळीवर चाकं शक्यतो तिरपी न्यायची. उलट घ्यायला सांगितलं तर मागच्या काचेत बघत बसू नका, खलाशाच्या हाताकडं बघा. तो रोज पन्नास गाड्या लावतो. आत गेल्यावर हँडब्रेक, गिअर टाकून ठेवायचा, आरसे मिटायचे. मग खाली उतरून कठड्याशी उभं राहायचं. गाडीत बसून खाडी ओलांडणारे लोक बघितले की मला वाईट वाटतं.

तिथले लोक या बोटीला जंगलजेट्टी म्हणतात. तिकीट गाडीचं वेगळं, माणसांचं वेगळं. सुट्टे पैसे ठेवा, फोनवर पैसे जातीलच असं धरून चालू नका. वेळा मोसमानुसार बदलतात, म्हणून आदल्या रात्री जिथं मुक्काम असेल तिथल्या घरमालकाला विचारायचं : "पहिली किती वाजता, शेवटची किती वाजता, आणि उद्या चालू आहे ना?" तिन्ही प्रश्न विचारायचे. लाँग वीकेंडला दुपारी रांग धक्क्यापासून वर गावात जाते, तेव्हा सकाळची पहिली बोट सोडू नका. सकाळी वाराही जमिनीवरून समुद्राकडं वाहतो, मतलई, आणि पाणी तुळतुळीत असतं. दुपारनंतर समुद्रावरचा वारा सुटला की हलतं थोडं.

महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात नको. जून-जुलैत मासेमारीच बंद असते, ती काही उगाच नाही.

आता वाट. पहिल्या दिवशी कराडहून पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण. शंभरेक किलोमीटर, पण घाटात मळमळणारी माणसं असतील तर आलेपाक जवळ ठेवा. पोफळीजवळ पाणी विचारत बसू नका, दिसण्यासारखं फार काही नाही. चिपळूणला थांबायचं तर गोवळकोटला जा, किल्ल्यावरून वाशिष्ठी वळणं घेत गेलेली दिसते. तिच्यात मगरी आहेत, काठाला पाय सोडून बसायची हौस नको. तिथून गुहागर पंचेचाळीस किलोमीटर. व्याडेश्वराच्या आसपास घरगुती राहायची सोय होते. जाताना साताऱ्याचे कंदी पेढे न्या. आम्ही दर मुक्कामाला पाव किलो देतो आणि सकाळच्या चहाबरोबर काही ना काही जास्तीचं पुढं येतं, एकदा तर फणसाची भाजी डब्यात बांधून मिळाली.

दुसऱ्या दिवशी धोपाव्याहून दाभोळ. बोटीनं दहा-पंधरा मिनिटं. रस्त्यानं चिपळूण-खेड असा वळसा घातला तर शंभराच्या वर किलोमीटर पडतात.

आत्यांचं माहेर कोयनेच्या धरणात गेलेल्या गावांपैकी. त्या तेव्हा आठ-नऊ वर्षांच्या. बोट मधोमध आली तेव्हा ह्यांनी त्यांना सहज सांगितलं, की धरणातलं पाणी फिरून फिरून इथंच येतं. आत्या कठड्याला धरून उभ्या होत्या. बराच वेळ खाली बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "व्हय? म्हंजे आमच्या अंगणातनं आलेलं हाय म्हणायचं ह्ये." आणि पदरानं तोंड पुसलं. खारं पाणी उडत होतं, त्यामुळं ते कशासाठी पुसलं ते मी विचारलं नाही.

दाभोळात लोक उतरतात आणि गाडी पळवतात. दोन तास तरी थांबा. बहामनी आणि आदिलशाहीच्या काळात हे मोठं बंदर होतं, घाटावरचा माल इथं उतरायचा आणि परदेशी घोडे इथून वर चढायचे. आज धक्क्याजवळ जाळी वाळत पडलेली असतात आणि मधेच आदिलशाही मशिदीचा घुमट उभा असतो. चंडिकादेवीचं देऊळ गुहेत आहे, आत वाकून जावं लागतं. गुडघेदुखीवाल्यांनी बाहेरूनच हात जोडावेत, आत्यांनी तसंच केलं.

पुढं दापोलीवरून हर्णै. इथं संध्याकाळी होड्या लागल्या की किनाऱ्यावर लिलाव होतो. ढीग मांडलेला, भोवती बायका, आणि बोली इतकी भरभर की आपल्याला आकडाच कळत नाही. मधे तोंड घालू नका. लिलावात घेतलेल्या बाईकडून वाटा विकत घ्या, आणि मुक्कामाच्या घरी करून द्याल का ते सकाळीच ठरवून ठेवा. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. २०२५ साली युनेस्कोच्या यादीत जे बारा किल्ले गेले त्यात हा आहे, आणि आपल्या जिल्ह्यातला प्रतापगडही. होडीनं जाता येतं, पण उतरताना पाय भिजतात, कधी मांड्याही. चपला हातात, मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत. वारा असेल आणि तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, "नको" म्हणाला तर पैसे वाढवून विचारू नका.

तिसऱ्या दिवशी आंजर्ले, केळशी करत वेशवी. केळशीला महालक्ष्मीचं देऊळ बघा, बाकी दिवस रस्त्यातच जातो, वळणं फार. बाणकोटचा किल्ला खाडीच्या तोंडावर बसलाय. शेजारचं वेळास कासवांसाठी प्रसिद्ध आहे, फेब्रुवारी-मार्चमध्ये पिल्लं समुद्रात सोडतात. पण सातारकरांना आणखी एक कारण आहे तिथं जायचं : नाना फडणवीसांचं मूळ गाव ते. जन्म मात्र आपल्या साताऱ्याचा, १७४२ चा. आणि पलीकडचं श्रीवर्धन हे बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचं, ज्यांना शाहू महाराजांनी १७१३ साली पेशवाई दिली. म्हणजे एका खाडीच्या दोन काठांवरची माणसं घाट चढून आपल्याकडं आली. आपण आता पेढे घेऊन तिकडं उतरतोय.

वेशवीहून बागमांडलं. खाली सावित्री. हीच ती जुन्या महाबळेश्वरची.

वेळ असेल तर पुढं दिघी-आगरदांडा ही तिसरी बोट घेऊन मुरुडला जाता येतं. जंजिऱ्याला मात्र म्हाताऱ्यांना नेऊ नका. राजपुरीहून शिडाच्या होडीत गर्दीनं बसवतात, आणि किल्ल्याच्या दारात हलत्या होडीतून पायरीवर पाय टाकावा लागतो. आत्या किनाऱ्यावर शहाळं पीत बसल्या आणि आम्ही तासाभरात धावत बघून आलो, कारण होडीवाले तेवढाच वेळ देतात.

परतीला म्हसळा, माणगाव, महाड, पोलादपूर, आंबेनळी घाट. महाड-पोलादपूर पट्ट्यात सावित्रीची सोबत असते, दर वेळी थोडी अरुंद. घाट दिवसाउजेडी चढा, धुक्यात वळणं दिसत नाहीत. जुन्या महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात पायरीवर बसलं की गोमुखातून पाणी पडतं. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री, सगळ्यांचं मिळून. आत्या ओंजळ भरून प्यायल्या आणि म्हणाल्या, "हितलं गोड हाय."

हर्णैतली सुकट पत्र्याच्या डब्यात घाला, झाकणाला कणकेची वात लावा. प्लास्टिकच्या तीन पिशव्या बांधूनही आमच्या गाडीला पाडव्यापर्यंत वास येत होता. आणि घरी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी गाडी खालून धुऊन घ्या, बोटीवर उडालेलं खारं पाणी पत्रा खातं. धुणाऱ्याला आवर्जून "खालून" सांगा, नाहीतर तो नुसत्या काचा पुसून देतो.