सरकारी मेलवर 'गोपनीय' लेबल लावताना या चुका टाळा

"मॅडम, विषयात मोठ्या अक्षरांत 'गोपनीय' लिहिलं होतं मी!" निविदेचं अंदाजपत्रक भलत्याच माणसाकडे गेल्यावर एक कक्ष अधिकारी मला सांगत होते. दक्षिण मुंबईतल्या त्या कार्यालयात आयटीचं मी बघायचे. साहेबांनी पत्त्यात 'पाटी' एवढंच टाइप केलं आणि खाली आलेल्या पाटलांपैकी पहिले निवडले. ते पाटील नेमके कंत्राटदार निघाले.

विषयात टाइप केलेला 'गोपनीय' माणसाला दिसतो, पण त्यावरून सर्व्हर काही करेलच असं नाही. लखोट्यावर लाल शिक्का मारायचा आणि लखोटा उघडाच टपालात टाकायचा, तसला प्रकार. मेनूतून निवडलेलं लेबल मेलच्या हेडरमध्ये, म्हणजे मेलसोबत जाणाऱ्या तांत्रिक माहितीत, नोंदलं जातं. बाहेरच्या पत्त्यावर मेल अडवायचा की एन्क्रिप्ट करायचा (इतरांना वाचता येणार नाही असा कुलूपबंद करायचा), ते सर्व्हर त्यावरून ठरवतो. मात्र तसा नियम आयटीने जोडलेला असेल तरच, नाहीतर लेबल शोभेचं. खात्री करायची तर आयटीला सांगून एक रिकामा मेल लेबल लावून बाहेरच्या खात्यावर पाठवा. बिनबोभाट पोचला, तर नियम जोडलेलाच नाही.

एन्क्रिप्ट केलं तरी विषयाची ओळ सहसा उघडीच राहते. विरार लोकलमध्ये मांडीवरचा मोबाइल उजळतो आणि शेजारचा वाचतो, '... यांच्या निलंबनाचा प्रस्ताव'. त्यापेक्षा विषयात नुसता नस्ती (फाइल) क्रमांक टाका.

जोडलेल्या फायलींत ज्या फायलीचा गोपनीयतेचा दर्जा सर्वांत वरचा, तोच मेलचा दर्जा. एक्सेलमधली लपवलेली शीटही त्यात धरा. उत्तर देताना लेबल खाली उतरवू नका. खालची आधीच्या मेलची साखळी तशीच जात असते.

टॉप सिक्रेट, सिक्रेट, कॉन्फिडेन्शियल, रिस्ट्रिक्टेड या चार पायऱ्यांपैकी पहिल्या दोन इंटरनेटवरून पाठवायच्याच नाहीत, असे केंद्राचे निर्देश आहेत. मग लेबल कितीही चोख असो.

उलटी चूकही नेहमीची: रजेच्या यादीवरही 'गोपनीय'! आमच्याकडे तर सगळंच गोपनीय असायचं, त्यामुळे त्या शब्दाकडे कुणी बघेनासं झालं. शिवाय माहिती अधिकारात नुसता शिक्का चालत नाही. २००५च्या कायद्याचं कलम २२ हे १९२३च्या शासकीय गुपिते अधिनियमाच्या वरचढ आहे. माहिती नाकारायची तर कलम ८ किंवा ९ मधलं कारण दाखवावं लागतं.

आणि मेल गेलाच तर? मेल परत बोलावायचं 'रिकॉल' बाहेरच्या खात्यापर्यंत पोचत नाही. 'कृपया आधीचा मेल उघडू नये' असं तर मुळीच लिहू नका. ज्यांनी उघडला नव्हता तेही उघडतात. आधी सुरक्षा अधिकाऱ्यांना फोन करा. माहिती फुटल्याचं सर्ट-इनला (केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला) सहा तासांत कळवावं, असा २०२२चा आदेश आहे. आमचे त्यातले तीन तास 'रिकॉल'ची वाट बघण्यातच गेले.