फाटकाबाहेरच्या झाडाचा तास

मुंबईतल्या बऱ्याच शाळांना मैदान नाही. परिसर अभ्यासासाठी ते लागतही नाही. फाटकाबाहेर पेव्हर ब्लॉक उचकटून उभं असलेलं एखादं झाड पुरतं.

आधी एकट्याने जाऊन झाड निवडा. वाळकी फांदी, लोंबकळती वायर, रिक्षांची वर्दळ असेल तर ते सोडा. माझी पसंती देशी बदामाला. सोनमोहोर, पर्जन्यवृक्षाच्या बारीक पर्णिका मुलांच्या हातात टिकत नाहीत; बदामाचं पान वहीएवढं, हिवाळ्यात लालभडक होऊन आपणहून खाली येणारं. पानं तोडायची नाहीत, पडलेलीच उचलायची, हे पहिल्याच दिवशी सांगा.

झाडाचं नाव मात्र सांगू नका. मी एकदा सांगून बसले आणि मुलांनी बघणंच थांबवलं. पुढच्या वर्षी गप्प राहिले, तर दुसरीतल्या एकाने कुरतडलेली फळं गोळा करून आणली. ‘बाई, हे अर्धंच कोणी खाल्लं?’ कावळा, खार, उंदीर, सगळ्यांवर आळ घेऊन झाला. वटवाघळांपर्यंत पोचायला दोन दिवस लागले, पण तो धडा पुन्हा शिकवावा लागला नाही.

मग गणित. बुंध्याभोवती सुतळी गुंडाळायची, ती पट्टीवर मोजायची. वनखात्यात घेर जमिनीपासून 1.37 मीटरवर मोजतात. तिथे खडूची खूण करा. जूनमधला आकडा भिंतीवर लावा, मार्चमध्ये पुन्हा मोजा. उंचीसाठी 1 मीटरची काठी उन्हात उभी धरा. तिची सावली 1 मीटर भरली की त्याच क्षणी झाडाची सावली बुंध्यापासून शेंड्यापर्यंत मोजा, तीच उंची. आपल्याकडे सावली समोरच्या इमारतीवर चढते, तेव्हा हा प्रयोग मोकळ्या जागेतल्या झाडावर करा.

चित्रकलेला पान उपडं ठेवून वर पातळ कागद धरायचा आणि आडव्या तेलखडूने घासायचं. शिरा उमटतात. खाली तारीख आणि तीनच वाक्यं. मराठीचा तास झाला.

वर्षातून एकदा राणीच्या बागेत गोरखचिंच दाखवा, किंवा धारावीजवळच्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानात न्या. तिथे पूर्वी कचऱ्याचा डोंगर होता, हे मुलांना आत शिरल्यावर नाही, बाहेर पडताना सांगा.