मेंढ्यांमागे कुत्रा सोडताय? आधी या चुका टाळा

पुण्यात बॉर्डर कॉली ही मेंढ्या राखणारी कुत्र्यांची जात पाळणारे वाढले, तसे "आमच्या कुत्र्याला हर्डिंग ट्रायलसाठी (कळप हाकण्याच्या स्पर्धेसाठी) तयार करा" म्हणणारेही वाढले. मेंढ्या वळवण्याची ओढ कॉलीच्या रक्तातच असते, पण कळप न बिथरवता आणणं शिकवावं लागतं. त्याला महिने लागतात. दोन रविवारांत निकाल हवा असलेल्यांनी मेंढ्यांच्या वाटेला जाऊच नये.

सर्वात वाईट चूक म्हणजे थांबवता न येणारा कुत्रा मोकळा सोडणं. सासवडच्या बाजूला ओळखीच्या एका धनगर मामांच्या कळपावर आम्ही सराव करायचो. एकाने वर्षाचा नर आणला होता. "घरी एका शब्दात बसतो," म्हणाला. लांब दोर काढायचा नाही, असं मी बजावलं होतं. मी मामांशी बोलायला वळलो तेवढ्यात त्याने दोर काढला. कुत्रा थेट कळपाच्या मधोमध घुसला. मेंढ्या तीन दिशांना फुटल्या, आणि एक गाभण मेंढी बाभळीच्या कुंपणात अडकली तशी त्याने तिची लोकर धरली. दोन दिवसांनी ती गाभडली. मालकाचं म्हणणं, "त्याला खेळायचं होतं." मी त्याला भरपाई द्यायला लावली, पण मामांनी पुढे आमचा एकही कुत्रा कळपाजवळ येऊ दिला नाही. त्यांचं बरोबरच होतं.

दिवाणखान्यातलं बसणं मी धरतच नाही. मेंढ्या समोर असताना कुत्रा पहिल्याच हाकेला आडवा होईपर्यंत आठ-दहा मीटरचा दोर त्याच्या मागे जमिनीवर घासत राहतो. आणि त्याआधी मालकाने एकट्याने, कुत्र्याशिवाय, कळपात फिरायचं. आपण किती जवळ गेल्यावर मेंढ्या मान वर करतात, कुठून हलतात, हे कळल्याशिवाय कुत्र्याला काय सांगणार?

दुसरी चूक उभं राहण्याची. कळप घड्याळाच्या मध्यभागी धरा. तुम्ही सहावर असाल तर कॉली आपसूक बारावर जाते आणि मेंढ्या तुमच्याकडे ढकलते. नवखे मात्र कुत्र्याच्या मागे धावतात, मग त्याची ही समोरची जागा सुटते. मी मेंढ्यांकडे तोंड ठेवून उलटा चालतो. मेंढ्या माझ्याकडे येत राहतात, मी जरा वळलो की कुत्रा स्वतः जागा बदलतो. तो घड्याळाच्या दिशेने फिरू लागला की मग 'कम बाय', उलट फिरू लागला की 'अवे'. आधी हालचाल, शब्द नंतर.

घाई करणाऱ्यांनी गुणांची विभागणी बघावी. आंतरराष्ट्रीय शीपडॉग सोसायटीच्या पद्धतीत वळसा घालून मेंढ्यांमागे जाण्याला 20, त्यांना पहिल्यांदा हलवण्याला 10, आणून देण्याला 20 गुण असतात आणि चुकांसाठी त्यातून कापले जातात. वेगाने धडकून मेंढ्या उधळल्या, तर हे हलवण्याचे गुण तिथेच जातात.

बाकीचं थोडक्यात. पाच महिन्यांचं पिल्लू मेंढ्यांवर नेऊ नका. एखादी मेंढी अंगावर आली तर ते कायमचं बुजतं. सारखं नाव घेऊन ओरडू नका. मार्चपासून सकाळी नऊच्या आत सराव संपवा, कॉली दमली तरी थांबत नाही. दिवाळीनंतर माळावरून आलात की पंजे आणि कान तपासा, कुसळ आत शिरलं तर पू होतो. धनगरांचे कुत्रे लांडग्यांपासून राखण करतात, त्यामुळे आपला कुत्रा गाडीतून उतरवण्याआधी कळपाच्या मालकाला ते बांधायला सांगा.