दोघांच्या खोलीतला स्टुडिओ: दहा मिनिटांत मांडायचा, दहा मिनिटांत आवरायचा

दहा बाय बाराची खोली, दोन कॉट, एक लोखंडी कपाट, अॅल्युमिनियमची स्लायडिंग खिडकी आणि डोक्यावर पंखा. पुण्या-मुंबईत भाड्याने राहणाऱ्या दोन पार्टनरांची खोली साधारण अशीच असते. अशा खोलीत गाणं, पेटी आणि तबला यांचं नीट, ऐकवण्याजोगं रेकॉर्डिंग होतं. फक्त खोलीचा कायमचा स्टुडिओ करायला जायचं नाही. भिंतीला काही चिकटवायचं नाही, घरमालक डिपॉझिट कापेल असा एक खिळाही ठोकायचा नाही. सामान मांडायचं, काम करायचं, आवरायचं. इथे निकाल ठरतो तो माइकची जागा, त्याची दिशा आणि दिवसातली वेळ यांवर. विकत घेतलेल्या वस्तूंचा नंबर त्यानंतर लागतो.

अडवणं वेगळं, शोषणं वेगळं

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते या दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळे. बाहेरची रिक्षा आत ऐकू येऊ नये, यासाठी जड भिंत लागते आणि फटी बंद कराव्या लागतात. खोलीतला आवाज भिंतीवर आपटून परत माइकमध्ये जाऊ नये, यासाठी मऊ, जाड, हवा आरपार जाऊ देणारी वस्तू लागते. टोकदार डिझाइनचा काळा फोम हवा जाऊ देतो, म्हणून तो आवाज अडवत नाही. आणि इंचभर जाडीचा असेल तर साधारण हजार हर्ट्झच्या (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं, आकडा जितका लहान तितका सूर खालचा) खालचं फारसं शोषतही नाही. मग खोलीतली चकाकी जाते, घुमणं तसंच राहतं आणि आवाज डब्यात बसून गायल्यासारखा येतो. अंड्यांचे ट्रे आणि थर्माकोल तर विचारातच घेऊ नका. आवाजाला त्यांचा उपयोग जवळजवळ नाही आणि आग मात्र झटकन धरतात.

विटांची भिंत तिचं काम आधीच करत असते. गळती होते ती दाराखालच्या फटीतून, खिडकीच्या रुळांतून आणि एसीच्या पाइपसाठी पाडलेल्या भोकातून. दाराखाली ओला पिळलेला जाड टॉवेल गुंडाळून ठेवा. ओला टॉवेल जड असतो आणि फटीत नीट बसतो. खिडकीच्या रुळातली केसाळ पट्टी झिजली असेल तर अॅल्युमिनियमच्या दुकानातून नवी आणा. ती मीटरवर मिळते आणि जुनी ओढून काढली की त्याच खाचेत सरकते.

आधी खोली ऐका

माइक लावा, हेडफोन घाला, गेन (माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते ठरवणारं बटण) नेहमीपेक्षा बराच वाढवा आणि मिनिटभर गप्प बसा. कानाला सवय झाल्यामुळे एरवी न जाणवणारं सगळं तेव्हा समोर येतं: फ्रिज, जुन्या ट्यूबलाइटचा चोक, लॅपटॉपचा पंखा, सोसायटीचा पाण्याचा पंप, खिडकीतली कबुतरं. प्रत्येक आवाज एकेक करून बंद करून पाहा. फ्रिज बंद केलात तर खोलीची किल्ली त्याच्या आत ठेवा, म्हणजे चालू करायचं विसरून बाहेर पडता येणार नाही. पंखा बंदच हवा. नुसता हळू करून भागत नाही, कारण इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर कमी वेगावर विजेच्या लाइनमध्ये गुणगुण सोडतो आणि ती रेकॉर्डिंगमध्ये उतरू शकते.

वेळ निवडणं हे तर फुकटातलं साउंडप्रूफिंग. बहुतेक वस्त्यांत कामाच्या दिवशी सकाळी अकरा ते दुपारी चार हा काळ बरा जातो. कुकरच्या शिट्ट्यांची वेळ टाळा. पावसाळ्यात खिडकीवर पत्रा असेल तर सर आली की थांबायचं, कारण पत्र्यावरचा पाऊस कोणत्याही सॉफ्टवेअरने सुरांना धक्का न लावता काढता येत नाही. रात्री दहा ते सकाळी सहा ही ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार रात्रीची वेळ आहे आणि निवासी भागात तेव्हाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. खुला गळा आणि डग्गा तेव्हा नको. एडिटिंग, मिक्सिंग हेडफोनवर खुशाल करा.

कुठे उभं राहायचं

खोलीच्या बरोबर मधोमध नको आणि कोपऱ्यात तर नकोच. बारा फूट लांबीत आवाजाची पहिली लहर ४७ हर्ट्झच्या आसपास घुमते, दहा फुटांत ५६ च्या आसपास. त्यांच्या वरच्या पटींच्या लहरी थेट पुरुषी आवाजाच्या खालच्या भागात येतात. कोपऱ्यात त्या सगळ्या फुगतात, मधोमध काही नाहीशा होतात तर काही फुगतात. आखूड भिंतीपासून साधारण चार ते साडेचार फुटांवर, आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींपासून वेगवेगळ्या अंतरावर उभं राहा. एक टेक (एका दमात केलेलं रेकॉर्डिंग) पाच फुटांवर घ्या, एक चारवर, आणि कानांनी निवडा. जागा ठरली की जमिनीवर चिकटपट्टीची खूण करा, म्हणजे पुढच्या आठवड्यातली ओळ मागच्या आठवड्याच्या ओळीशी जुळते.

आता दिशा. गाण्यासाठी नेहमी वापरतात तो कार्डिओइड, म्हणजे एका दिशेने ऐकणारा माइक पाठीमागचं सगळ्यात कमी ऐकतो, समोरचं सगळ्यात जास्त. म्हणून माइकची पाठ खिडकीकडे हवी, म्हणजे गाणाऱ्याचं तोंड खिडकीकडे होतं. हे उलटं वाटतं, पण बरोबर आहे. आणि माइकला समोर फक्त गायक दिसत नाही, गायकाच्या मागची भिंतही दिसते. म्हणून जाड काही लावायचं ते गायकाच्या पाठीमागे. माइकच्या मागे लावायची अर्धगोल ढाल विकत मिळते, पण या खोलीत तिच्यापेक्षा पाठीमागे टांगलेली गोधडी जास्त कामाची.

गोधडी खरोखर उत्तम साधन आहे: अनेक थरांची, जड, हवा खेळती. कपडे वाळत घालायच्या घडीच्या स्टँडवर दोन गोधड्या एकावर एक टाका आणि स्टँड भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा. भिंतीला चिकटवलेल्या गोधडीपेक्षा अंतर सोडून लावलेली गोधडी जास्त खालच्या सुरांपर्यंत शोषते. गायकाच्या मागे एक स्टँड, डाव्या-उजव्या बाजूंना थोडे तिरपे दोन, असा इंग्रजी यू आकार करा. कापसाची गादी कॉटवरून उचलून उभी टेकवता आली तर आणखी चांगलं. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून ठेवलं तर तेही शोषतं, पण लोखंडी दारं थरथरतात. बिजागरीजवळ कागदाची घडी खोचा.

थोडे पैसे आणि एक रविवार असेल तर चाकांवरचे दोन पॅनल करा: दोन बाय चार फुटांची लाकडी चौकट, आत दोन इंच जाडीचा घनमीटरला ४८ किंवा ६४ किलो घनतेचा रॉकवूल (दगडाच्या तंतूंची जाड गादी), दोन्ही बाजूंनी मांजरपाट (साधं सुती कापड). कापड तोंडाशी धरून फुंकर मारा. हवा सहज आरपार गेली तर कापड योग्य. रॉकवूल कापताना मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच. हे काम गॅलरीत किंवा गच्चीत करा, जिथे पार्टनर झोपतो त्या खोलीत करू नका.

सामान, विकत घेण्याच्या क्रमाने

अशा खोलीत पहिला माइक डायनॅमिक (विजेशिवाय चालणारा, लांबचं कमी पकडणारा) घ्यावा, असं आमचं ठाम मत आहे. शूअर एसएम५८ किंवा एसएम५७ ही जुनी, विश्वासाची नावं. नकली माल बाजारात खूप आहे, तेव्हा बिल आणि वॉरंटीशिवाय घेऊ नका. कंडेन्सर माइक, उदाहरणार्थ ऑडिओ-टेक्निका एटी२०२०, बारकावे जास्त पकडतो, पण शेजारचा टीव्हीही तितक्याच प्रेमाने पकडतो. त्याला ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे केबलमधूनच मिळणारी वीज लागते. तो बाजूने ऐकतो, टोकाने नाही. त्याच्या टोकात गाणारे पुष्कळ जण असतात आणि मग आवाज लांबून का येतो ते त्यांना कळत नाही.

मग दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी पेटी. डायनॅमिक माइकवर हळू गाण्यासाठी ५५ ते ६० डेसिबल गेन लागतो, तो इंटरफेसमध्ये आहे का ते घेण्याआधी पाहा. त्यानंतर बंद कपांचे हेडफोन, जसे सोनी एमडीआर-७५०६. उघड्या जाळीच्या हेडफोनमधून तानपुरा गळतो आणि गाण्याच्या ट्रॅकवर कायमचा बसतो. बऱ्याच गायकांना एक कान उघडा ठेवायची सवय असते. मग आवाज पॅन करून, म्हणजे सगळा दुसऱ्या कानाकडे वळवून, त्या बाजूचा पूर्ण बंद करा. शिवाय एक्सएलआर (तीन पिनांची माइकची) केबल, जमिनीवर पक्का बसणारा स्टँड आणि पॉप फिल्टर (तोंडाचा झोत अडवणारी जाळी). स्पीकर सध्या नकोत. पार्टनरच्या कानाशी भांडण आणि खोलीच्या घुमण्याशीही भांडण, एवढंच त्यातून मिळतं.

सॉफ्टवेअरमध्ये मॅकवर गॅरेजबँड आयतं मिळतं. विंडोजवर रीपर हलकं आहे आणि ६० दिवस वापरून बघता येतं. विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर (आवाज उशीर न होता पोचवणारं छोटं सॉफ्टवेअर) आधी टाका, मगच बाकी.

गुणगुण

हेडफोनमध्ये सतत ५० किंवा १०० हर्ट्झची घुं येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. गेली, तर दोष अर्थिंगचा किंवा चार्जरचा आहे. लॅपटॉप आणि इंटरफेस एकाच तीनपिनी बोर्डवर लावा. जुन्या इमारतीत सॉकेटला तिसरं भोक असतं पण मागे अर्थची वायर नसते, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. तिसरी पिन तोडणं हा उपाय नव्हे, त्यात जिवाचा धोका आहे. घरचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर वीज गेल्यावर त्यावर रेकॉर्डिंग करू नका. लॅपटॉपच्या बॅटरीवर करा.

आकडे

सॉफ्टवेअरमधल्या सेटिंग: सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे ते) ४८ हजार हर्ट्झ, २४ बिट. मोनो ट्रॅक मिनिटाला साधारण साडेआठ एमबी घेतो. तार सप्तकातली सगळ्यात मोठी जागा पूर्ण ताकदीने गाऊन दाखवायला सांगा आणि तेव्हा सॉफ्टवेअरमधला आवाजाच्या पातळीचा काटा उणे १२ ते उणे १० डेसिबलच्या आसपास राहील इतकाच गेन ठेवा. लोक गेन लावताना लाजत गातात, टेकमध्ये गळा उघडतात आणि आवाज फाटतो. फाटलेला आवाज पुन्हा नीट होत नाही. बफर (लॅपटॉप एका वेळी आवाजाचे किती नमुने हाताळतो ते) रेकॉर्डिंगला १२८, मिक्सिंगला १०२४. स्वतःचा आवाज दोनदा ऐकू येत असेल तर इंटरफेसचं डायरेक्ट मॉनिटरिंग (माइकचा आवाज थेट हेडफोनमध्ये ऐकणं) आणि सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग दोन्ही चालू आहेत. सॉफ्टवेअरमधलं बंद करा.

सॅम्पल रेट जुळत नसेल तर पट्टीच बदलते. ४४.१ हजारचा ट्रॅक ४८ हजारवर तसाच वाजला तर काळी एकचं गाणं पांढरी दोन आणि काळी दोनच्या मधे कुठेतरी लटकतं. गळा बिघडलाय असं समजण्याआधी ही सेटिंग बघा.

गळा, पेटी, तबला

गळ्यापासून माइक सहा ते आठ इंच, पॉप फिल्टर माइकच्या तीन इंच पुढे. अंतर निम्मं केलं की गळा सहा डेसिबलने वर येतो आणि खोली तेवढीच मागे पडते, म्हणून जवळ गाणं फायद्याचं. फार जवळ गेलं की मात्र खर्ज फुगतो. मराठीत महाप्राण अक्षरं भरपूर: भ, फ, ध, ख, घ. प्रत्येकाबरोबर हवेचा झोत येतो. ‘भाव’ म्हणताना तळहात तोंडासमोर धरून बघा. माइक वीसेक अंश तिरपा ठेवला की झोत बाजूने निघून जातो.

पेटी आधी तानपुऱ्याशी जुळवा, किंवा खरं तर उलट. पेटीचे सूर पक्के असतात आणि ते नेमके ४४० च्या मापात असतीलच असं नाही. तानपुऱ्याचं अॅप बारीक फिरवून पेटीशी मिळवा. पुढे कीबोर्ड जोडायचा असेल तर तोही त्याच मापावर आणा. माइक पेटीच्या १२ ते १५ इंच वर, पट्ट्यांच्या मध्यावर, भात्यापासून थोडा वाजवणाऱ्याच्या बाजूला. भात्याकडे गेला की हवेची फुसफुस येते. गाणं आणि पेटी एकाच माणसाकडे असतील तर गळ्याचा माइक हनुवटीच्या जरा खालून वर रोखा. म्हणजे त्याची पाठ पेटीकडे होते.

तबल्याखाली गोधडीची घडी घाला. फरशीवरून येणारा आवाज कमी होतो आणि खालच्या मजल्यावर डग्ग्याची धमकही कमी जाते. दोन माइक लावायचे तर त्यांच्यातलं अंतर प्रत्येकाच्या वाद्यापासूनच्या अंतराच्या तिप्पट असावं, असा नियम आहे. तबला-डग्ग्यात ते मिळत नाही. म्हणून एकच माइक, दोघांच्या मधे, सव्वा फूट उंचीवर, आणि तोल जमेपर्यंत तो इंचाइंचाने सरकवायचा. दोन लावलेच तर सॉफ्टवेअरमध्ये एकाची फेज, म्हणजे लहरीची वर-खाली दिशा, उलटवून ऐका, ज्यात डग्गा भरीव लागेल ते ठेवा. पंखा-एसी बंद करून बसलं की खोलीतला दमटपणा वाढतो, तबल्याची पुडी (वरचं चामडं) सैल पडते, तबला उतरतो. दर दोन टेकनंतर सूर तपासा आणि त्याच वेळी दार उघडून हवा येऊ द्या.

पार्टनर आणि आवराआवर

आठवड्याच्या वेळा आधी ठरवून दारामागे लिहून लावा. ‘जरा दहा मिनिटं’ असं ऐनवेळी मागू नका, कारण ती दहा मिनिटं कधीच दहा नसतात. पार्टनर खोलीत असेल तर त्याला गोधड्यांच्या बाहेर, माइकच्या पाठीशी बसवा आणि फोन फ्लाइट मोडवर ठेवायला सांगा. नुसत्या व्हायब्रेशनवरचा फोन लाकडी टेबलावर स्पष्ट ऐकू येतो.

उठण्याआधी कोणी न हलता तीस सेकंद रिकाम्या खोलीचा आवाज रेकॉर्ड करा. ओळींमधल्या जोडण्या भरायला तोच लागतो. फाइलची प्रत बाहेरच्या ड्राइव्हवर घ्या. कंडेन्सर असेल तर फँटम पॉवर बंद करून मगच केबल काढा. केबल कोपरावर गुंडाळू नका, आतल्या तारा पिळतात. एक वळसा सरळ, एक उलटा, असं मोठं कडं करा. इंटरफेस, हेडफोन, केबल एकाच झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि पावसाळ्यात माइकच्या पिशवीत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका. गोधड्या परत कॉटवर.